पांढऱ्या दोऱ्याची पोती

१

मामा दादाला जेवायला बोलवायला गेला आणि दादाला खांद्यावर घेऊन परत आला.

दोन गल्ल्या ओलांडून, भर दुपारी, लोक दारात येऊन बघतायत आणि हा आपला चालतोय. दादाची धाकटी बहीण ओट्याशी कांदा चिरत होती. मामानं दादाला सोफ्यावर ठेवलं, त्याचे बूट काढले, ते नीट जोडीनं भिंतीला लावले आणि मग म्हणाला, "गॅस लागला. माझ्याच हातून झालं."

वहिनीनं शेगडी बंद केली. बस, एवढंच. कुणी किंचाळलं नाही, कुणी ऊर बडवला नाही. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कांद्याचं. थोड्या वेळानं तेही थांबलं.

डॉक्टर आले, म्हणाले, विषारी वायू, रंग नाही, वास नाही, माणूस झोपतो आणि उठत नाही. दादाचा चेहरा इतका लालसर, इतका टवटवीत की शेजारीण बोलून गेली, "अगंबाई, हा तर सुट्टीवरून आल्यासारखा दिसतोय!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून पळाली.

आता त्यांची भट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. भट्टी म्हटलं की लोकांना आग दिसते. तसं नाही. रसाच्या कारखान्यातून जर्दाळूच्या कोयी यायच्या, ट्रक भरभरून, गर गेलेला नुसता कडक कचरा. धाकटी त्या वाळवायची, चाळायची. मग त्या मोठ्या लोखंडी पिंपात भरायच्या, झाकण घट्ट, आत हवा शून्य, आणि पिंप बाहेरून तापवायचं. हवाच नाही तर जळणार कसं? कोयी जळत नाहीत, आतल्या आत मोडतात. धूर निघतो. तो थंड केला की काळं आंबट तेल मिळतं. थंड होऊनही जो हवेसारखाच राहतो तो गॅस, थोडा पिंपाखालीच जाळायचा, उरलेला नळीनं शेजारच्या लॉन्ड्रीला. आणि तळाशी राहतो कोळसा, पाणी गाळायच्या कामाचा. दादा म्हणायचा, "जग जे थुंकतं त्यावर आपली चूल पेटते."

भट्टी मामा सांभाळायचा. हा सख्खा मामा, आईबापामागे या दोघा भावंडांना वाढवणारा. त्यानं पोलिसांना सांगितलं की सुट्टी असूनही सकाळी त्यानं भट्टी थोडी पेटवून बघितली. लॉन्ड्रीकडची नळी काट्याच्या, म्हणजे वजनाच्या, खोलीत छताखालून जाते, तिचा एक जोड त्याच्याकडून सैल राहिला, आणि खाली दादा उद्याच्या गिऱ्हाइकासाठी कोळशाचे नमुने तोलत बसला होता.

त्याला चौकीत बसवून ठेवला. कारखाने तपासणाऱ्या बाई येतील, त्यांनी अहवालात तसंच लिहिलं की गुन्हा दाखल, आणि मामा आत. म्हणजे दादा गेलाच, आता मामाही जाणार. धाकटीनं हे ऐकलं आणि मान हलवली, जणू कुणी उद्याची भाजी काय करायची ते सांगत होतं.

फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. ते बूट. लहानपणापासून बघत आली होती ती, मामाला खोटं बोलायचं असलं की तो आधी काहीतरी आवरायला घेतो.

२

तपासनीस बाई सायकलवर आल्या. उतरल्या, सायकलला कुलूप लावलं, कुलूप लागलं का ते ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. आणि बोलायच्या इतक्या सावकाश की त्यांचं वाक्य संपेपर्यंत समोरचा माणूस घाबरून भलत्याच कशाची तरी कबुली देऊन मोकळा होईल!

त्यांच्यासमोर उभा कोण, तर लवकरराव. दादाचा भागीदार. खरं नाव कुणी घेत नाही. हा माणूस शेवटचा घास गिळायच्या आत हात धुवायला उठतो, म्हणून लवकरराव.

"बाई, लवकर उरकून टाकू या," तो म्हणाला. "म्हातारा कबूल झालाय. तुम्ही लिहून दिलंत की सील निघेल आणि भट्टी सुरू. गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय हो."

"हो का," बाई म्हणाल्या आणि काट्याच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या.

खोली केवढी, चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं पोट आत घ्यायचं. एक खिडकी, बंद. टेबलावर काचेच्या पेटीत नवा नाजूक काटा, या गिऱ्हाइकासाठीच आणलेला. छताला नळी. आणि दोन्ही भिंतींना कोळशाची पोती, खांद्याला खांदा लावून उभी. कशी, तर गळ्यापर्यंत जेवलेल्या पाहुण्यांसारखी टम्म, मान नावाला नाही, प्रत्येकाच्या तोंडाशी अगदी काठावर पांढरा दोरा आवळलेला.

बाईंनी दार लोटलं. लगेच लवकररावानं ते उघडून खाली वीट सरकवली.

"उघडं असू द्या. कोंदट होतं."

"भट्टी तर सील आहे ना? थंड?"

"थंडगार. तरीपण. कोंदट होतं."

"बरं. आणि हा दोरा कसला?"

लवकरराव घड्याळ बघत होता म्हणून धाकटीनंच सांगितलं. ताजा कोळसा भुकेला असतो. पिंपातून निघाल्या निघाल्या हवा ओढायला लागतो, आतून तापतो, कधी पोत्यातल्या पोत्यात धुमसतो. म्हणून त्याला शेडमध्ये पसरून ठेवायचं, चांगला आठवडाभर. त्याला ही मंडळी म्हणतात वारा खाऊ घालणं. वारा खाऊन झाला की मामा पोती भरतो आणि पांढरा दोरा बांधतो. दोरा असेल तर पोतं निवलेलं. दोरा नसेल तर ते खोलीत आणायचं नाही, हा दादानंच घालून दिलेला नियम.

"आणि दोरा कोण बांधतं?"

"फक्त मामा."

मग त्या शेड बघायला गेल्या. शेडमध्ये काळा चिखल. वरची पाण्याची टाकी सुट्टीच्या दोनच दिवस आधी वाहिली होती, पसरलेला सगळा माल भिजून लगदा. "नशीबच फुटकं," लवकरराव म्हणाला, "काय करता!" कोपऱ्यात उंच फळीवर मामानं आधी भरलेली थोडी पोती कोरडी राहिली होती, पांढऱ्या दोऱ्याची, वर कापडाची लांब शेंडी सोडलेली. बाईंनी एका शेंडीला धरून पोतं हलवून बघितलं. 

परत खोलीत आल्या, स्टुलावर चढल्या आणि नळीच्या जोडाला हात घातला. नट बोटांनीच गरगर फिरला.

सैल. मामा म्हणाला होता अगदी तसा.

"बघा!" लवकरराव म्हणाला.

धाकटीला वाटलं, आता मामाचा राग येईल. आला नाही. ती नटाकडे बघत राहिली.

३

लॉन्ड्री भिंतीला लागून. तिथली मालकीण म्हणजे तोंडाळ बाई, पण मनानं साफ. दवाखान्याच्या चादरी धुवायची, त्यामुळे तिला सुट्टी कसली ती माहीत नाही. बाईंना बघितल्या बघितल्या तिनं सुरुवात केली.

"तुमच्या सायकलचं सीट काळं झालंय, कव्हर काढून द्या, धुवून देते. गरम पाण्यानं हां, आता सिलिंडर लावलाय. नाहीतर त्या दिवशी! अहो, हाडं गोठली माझी."

"कोणत्या दिवशी?" बाई म्हणाल्या.

"पोरगा गेला त्या दिवशी हो, त्याच दिवशी! चादरींचा डोंगर पडलेला आणि नळीतून गॅसचा पत्ता नाही. काडी ओढून ओढून डबी संपली. फुस्स नाही की फास नाही. शेवटी घरचा सिलिंडर खाली ओढत आणला, कंबर गेली माझी. मी तर जाऊन त्या म्हाताऱ्याला चार शिव्या घालणार होते, तेवढ्यात तो..." ती थांबली. धाकटीकडे बघून आवाज उतरला. "तेवढ्यात तो पोराला खांद्यावर घेऊन निघाला."

"सकाळपासून गॅस नव्हता? एकदाही नाही?"

"सांगतेय काय मग! भट्टी पेटली की माझ्या भिंतीला ऊब लागते. मांजर तिथंच झोपतं. त्या दिवशी मांजरसुद्धा घरात गेलं होतं."

बाई बाहेर आल्या. सायकलचं कुलूप काढलं. मग सावकाश म्हणाल्या, "भट्टी पेटलीच नव्हती. म्हणजे नळी रिकामी. रिकाम्या नळीचा नट सैल असला काय, घट्ट असला काय!"

धाकटी म्हणाली, "मग मामा न केलेला गुन्हा अंगावर का घेतोय?"

"माणूस दोन कारणांनी घेतो," बाई म्हणाल्या. "एक, स्वतःचा मोठा गुन्हा झाकायला. दोन, दुसऱ्याचा."

४

चौकीतल्या बाकावर मामा बसला होता आणि समोरच्या टेबलावरचे कागद एकावर एक रचत होता. पोलिसांचेच कागद. हवालदार बघत होता, म्हणाला, "करू दे. आयतं आवरून होतंय."

"मामा," धाकटी म्हणाली, "ठेव ते कागद."

त्यानं ठेवले.

"भट्टी पेटली नव्हती," बाई म्हणाल्या. "लॉन्ड्रीवाल्या सांगतात. आणि त्यांचं मांजर."

मामानं धाकटीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "पोरी, तू बाहेर जा."

"नाही जात."

"ऐकत जा कधीतरी!"

"तूच वाढवलंस मला. तक्रार कुणाकडे करतोस?"

हवालदार हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं. मामा बाकावर सरकून बसला. मग खिशात हात घातला आणि एक फडकं काढलं. जुनं, पांढरं, गुंडाळी होऊन वाळलेलं.

"दार ढकललं तर उघडेना," तो म्हणाला. "खांदा दिला तेव्हा उघडलं. आतल्या बाजूनं फटीत हे फडकं कोंबलेलं. खिडकी बंद. आणि तो टेबलावर डोकं ठेवून..." त्याचा आवाज अगदी सपाट होता, पाढे म्हटल्यासारखा. "दार कोण आतून बुजवतं? मला कळलं काय ते. मी फडकं खिशात घातलं, नट सैल केला आणि त्याला उचलला. पोरगा स्वतःच्या हातानं गेला असं लोक म्हणण्यापेक्षा म्हातारा चुकला म्हणोत. माझं काय, आज ना उद्या जायचंच."

"आणि गॅस?" बाईंनी विचारलं. "भट्टी बंद, मग त्यानं गॅस आणला कुठून?"

"ते मला नाही कळलं. तो हुशार होता. शोधलं असेल काहीतरी."

धाकटी फडक्याकडे बघत होती. दादा स्वतःच्या हातानं. तिनं ते वाक्य मनात म्हणून बघितलं. मग उलट क्रमानं म्हणून बघितलं. काहीच झालं नाही.

५

वहिनी घरी भांडी पुसत होती. कोरडीच भांडी. कपाटातून काढायची, पुसायची, परत ठेवायची.

बाईंनी विचारायच्या आधीच ती बोलली. "आमचं भांडण झालं होतं सकाळी. सुट्टीचं कशाला जातोस म्हणून. मी म्हटलं, त्या पिंपाशीच लग्न करायचं होतंस. तो म्हणाला, पिंप निदान दुपारी थंड तरी होतं." ती थांबली. "हे हसण्यावारी होतं का खरं होतं, मला कळत नाहीये. इतके दिवस तेच बघतेय. उलटून पालटून."

"रोज भांडायचात?"

"रोज. पण रोज कुठे कोण मरतं?"

म्हणजे वहिनीलाही तोच संशय. मामानं फडक्याचं सांगितलंही नव्हतं, तरी तिच्या मनात तोच खिळा. भट्टीचा गुन्हा मामाच्या माथी आणि घरातला वहिनीच्या, दोघंही एकमेकांपासून लपवतायत. बाईंनी फडकं टेबलावर ठेवलं आणि जे होतं ते सांगितलं. वहिनीच्या हातातली वाटी जागच्या जागी थांबली.

"हे?" धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"हे तर काट्याचं फडकं आहे."

"म्हणजे?"

"अहो, तो नवा काटा! काचेची पेटी असूनही दाराच्या फटीतून वारा आला की पारडं थरथरतं, आकडा ठरत नाही. दादा चिडायचा. तोलायला बसला की दर वेळी दार लावायचा, खिडकी लावायचा, खाली फडकं कोंबायचा. मी तिथं असले तर मला म्हणायचा, श्वास जपून घे, तुझ्या सुस्काऱ्यानं कोळसा जड होतोय. मामाला कसं माहीत असणार? मामा भट्टी सोडून त्या खोलीत कधी येतो?"

वहिनी खुर्चीवर बसली. वाटी मांडीत.

"मामानं फडकं लपवलं नसतं, तर तुम्ही हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तो नेहमीसारखाच बसला होता. नेहमीसारखंच दार बुजवून." बाईंनी इतका वेळ घेतला की धाकटीला वाटलं वाक्य संपलं. "तर मग त्या दिवशी खोलीत असं काय होतं जे नेहमी नसतं?"

धाकटीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

पोती. एरवी त्या खोलीत एखादं पोतं येतं, भिंतीला लावून इतकी कधीच नसतात.

६

भट्टीपाशी खिळ्याला एक छोटं यंत्र टांगलेलं असायचं, विषारी वायू लागला की टिवटिव करणारं. कामगार त्याला टिटवी म्हणायचे. भट्टीपाशी जाताना गळ्यात घालायचं, बाकी कुठे नाही. काट्याच्या खोलीत ते कुणी का घालेल?

बाईंनी दोन घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे मागवले. एकात शेडमधल्या शेंडीवाल्या पोत्यातला कोळसा, दुसऱ्यात खोलीतल्या पोत्यातला. झाकणं लावून ठेवली आणि सगळ्यांना अंगणात बसवलं. हवालदार मामाला घेऊन आला होता. लवकरराव येरझाऱ्या घालत होता. "पोरखेळ चाललाय. पांढरा दोरा दिसत नाही का, निवलेला माल आहे तो!"

दुपार कलली तेव्हा बाईंनी पहिल्या डब्याचं झाकण किंचित उचलून टिटवी आत सरकवली. गप्प.

दुसऱ्या डब्यात सरकवली.

टिटवी जी ओरडायला लागली ती थांबेचना! लॉन्ड्रीवाली भिंतीवरून डोकावली, "काय झालं, आता कोण मेलं?"

"ताजा कोळसा हवा ओढतो," बाई म्हणाल्या, "आणि ओढताना हेच विष सोडतो. उघड्यावर वाऱ्यानं उडून जातं. बंद खोलीत साठतं. भट्टी लागत नाही, नळी लागत नाही. दादा तोलत बसले, दोन्ही बाजूंना पोती, आणि दाराला फडकं."

"दादाला हे माहीत होतं," धाकटी म्हणाली. "त्याचाच नियम."

"माहीत होतं. म्हणून त्यांनी आत गेल्यावर पहिल्यांदा काय बघितलं असेल? दोरा. दोरा होता, म्हणून ते निर्धास्त बसले."

 मग लवकररावानं श्वास सोडला. "मग झालं की! दोरा बांधतो कोण? मामा! ही पोरगी स्वतःच्या तोंडानं सांगून बसलीय, फक्त मामा. फिरून फिरून भोपळे चौकात. लिहा, बाई."

मामाचा चेहरा पांढरा पडला. आजवर खोटा गुन्हा निवांतपणे अंगावर घेऊन बसलेला माणूस, आणि हा खरा वाटला तसा त्याचा जीवच गेला. "मी?" तो म्हणाला. "मी बांधले? आठवत कसं नाही मला..." आणि तो हवालदाराच्या खांद्यावरचा धागा काढायला लागला.

तेवढ्यात धाकटी उठली. काही ठरवून नाही. तिचे पाय उठले. ती खोलीत गेली आणि एक टम्म पोतं ओढत बाहेर आणलं. मग शेडमधलं शेंडीवालं आणलं. दोन्ही शेजारी उभी केली.

"मामाच्या पोत्याला शेंडी असते," ती म्हणाली. "तो बादलीनं भरतो. ठरलेल्या बादल्या, बस. वर कापड उरतं, ते पिळून दोरा बांधतो. आम्ही त्याच शेंडीला धरून पोती उचलतो. या टम्म पोत्यांना धरायला जागाच नाही. मामा असं पोतं भरून स्वतःचीच कंबर कशाला मोडून घेईल?"

"मग कुणीतरी असं का भरलं?" बाईंनी विचारलं, पण त्यांना उत्तर माहीत होतं हे दिसत होतं.

"वजनावर भरलंय. निवलेला कोळसा हवेतला दमटपणा पितो, जड होतो. ताजा हलका असतो. गिऱ्हाइकाला ठरलेलं वजन दाखवायचं तर जास्त कोंबावा लागतो. पार गळ्यापर्यंत. आमच्यात पोती वजनावर..." तिनं लवकररावाकडे बघितलं. "वजनावर तूच विकतोस. आम्हाला मोठ्या काट्याला हातही लावू देत नाहीस."

"काहीतरीच! कुणीही भरली असतील!"

"असतील," बाई सावकाश म्हणाल्या. "मला फक्त त्या विटेचं सांगा."

"कसली वीट?"

"दाराखालची. भट्टीला सील, नळी रिकामी, तुमच्या मते दोष नटाचा. मग त्या खोलीचं दार मिटलं तर तुम्हाला भीती कसली होती? मी नुसतं लोटलं तर तुम्ही धावलात. खोलीत जीव घेणारं काहीतरी अजून आहे, हे माझ्या आधी कुणाला माहीत होतं?"

लवकररावानं घड्याळ बघितलं. सवयीनं. मग त्या घड्याळाकडे बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठेच जायची घाई नव्हती.

"माल भिजला होता," तो म्हणाला. "गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार. हातचं गेलं असतं. म्हाताऱ्यानं पिंपातून नुकताच काढलेला ताजा माल भरू दिला नसता, म्हणून तो घरी गेल्यावर मीच भरला. कोरडी खोली तेवढीच. उद्या उचलला जाईल, तोवर कोण तिथं जातंय? दोरा बांधला नसता तर गिऱ्हाइकानं घेतला नसता... तो सुट्टीचा तोलायला येईल हे मला कुठं माहीत होतं? मला कुणाला मारायचं नव्हतं हो."

"नव्हतं मारायचं," बाई म्हणाल्या. "तसं लिहीन मी. पण तो कशानं गेला हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं, आणि तुम्ही या म्हाताऱ्याला आत जाऊ देणार होतात. तेही लिहीन."

"त्यानंच कबूल केलं होतं की!" लवकरराव ओरडला. "मी काय करू? आयतं कबूल केलं होतं!"

 टिटवी अजून ओरडत होती. हवालदारानं डब्याचं झाकण लावलं, तरी आतून बारीक ऐकू येत राहिली.

७

मामाला चौकीतून सुटायला कागदपत्रं व्हायची होती, म्हणून धाकटी एकटीच घरी आली. वहिनी दारातच उभी होती. 

धाकटीनं सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, एका दमात, टाकी वाहिली इथपासून.  सांगून झाल्यावर वहिनी म्हणाली, "म्हणजे तो आपणहून नाही."

"नाही."

"माझ्या बोलण्यावरून नाही."

"वहिनी, त्याला भूक लागली असती तर तो आला असता. बस्स."

"आलाच असता." वहिनी आत गेली. पाण्याचा पेला भरला, प्यायला घेतला, तसाच खाली ठेवला. "त्याला कळलं असेल का गं?"

"नाही. डॉक्टर म्हणाले ना, नुसती झोप येते."

वहिनी त्यावर विचार करत बसली.  बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. आणि मग वहिनी एकदम, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, वरच्या पट्टीत बोलली.

"गाढव आहे! झोप आली तर उठून घरी यायचं ना! घर आहे कशाला? भर कामात झोप येतेय, तर माणसाला इतकं कळू नये की काहीतरी चुकतंय? हा इंजिनियर! उठून दोन गल्ल्या चालत यायचं, मी काय खाणार होते का त्याला?"

ती ओरडत होती आणि ओरडता ओरडता रडत होती, भांडताना रडतात तसं, नाक लाल, हात हवेत. समोर दादा असता तर त्यानं नक्की उलट उत्तर दिलं असतं. धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली. तिला स्वतःला अजून काहीच होत नव्हतं, आत नुसतं कोरं. पण वहिनी तिचा दंड धरून गदागदा हलवत होती, जणू तिनंच दादाला घरी आणायचं राहून गेलं होतं, आणि धाकटीनं दंड सोडवून घेतला नाही.

"बोल ना," वहिनी म्हणाली. "तू काहीतरी बोल त्याच्या बाजूनं. नेहमी बोलतेस."

धाकटीनं आठवून बघितलं, दादा काय म्हणाला असता.

"चुकलं त्याचं," ती म्हणाली.

वहिनीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. स्कूटर चालू झाली आणि गेली. मामाची पावलं जिन्यावर वाजली, हळूहळू, मधे थांबत. त्यानं दार उघडलं, आत आला आणि पायांतल्या चपला जिथे निघाल्या तिथेच सोडून, एक इकडे, एक तिकडे, दोघींच्या शेजारी जमिनीवर बसला.